नवऱ्याचा चुलतभाऊ

गोठ्याचं छप्पर नीट करताना तिच्या नवऱ्याचा पाय घसरला आणि तो नेमका उजव्या हातावर पडला. हाड बसवणारा आला. त्यानं हात ओढला, फळ्या लावून करकचून बांधला आणि जाताना म्हणाला, "दोन महिने या हातानं माशीसुद्धा हाकायची नाही." नवरा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. लोकर कातरायचा हंगाम तोंडावर आला होता.

कातरणाऱ्यांच्या टोळीतली त्याची जागा बापापासूनची होती. नदीपलीकडच्या माळावर मोठे कळप होते. ऊन कडक व्हायच्या आत सगळ्या मेंढ्या कातरून व्हायला लागत, नाहीतर अंगावरच्या लोकरीनं जनावर शिजून निघे. त्या कामाला कुठून कुठून माणसं जमत आणि कुणासाठी काम थांबत नसे. एखाद्याची कातर एक हंगाम आली नाही की त्याच्या जागी दुसरा बसे, आणि एकदा बसलेला काही उठत नसे. त्यांच्याच गावातल्या एकाची जागा अशी गेली होती. तो आता लोकांच्या गोठ्यातलं शेण काढत होता.

दोन दिवस नवरा तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी ती विळ्यावर चारा कापत बसली होती, तेव्हा उंबऱ्यापाशी येऊन टेकला.

"तुला कातरता येतं," तो म्हणाला.

"घरच्या चार मेंढ्या कातरते. त्यात काय मोठं."

"माझ्याहून साफ कातरतेस."

"म्हणून काय झालं? तिथं बायकांच्या हातात झाडू देतात. कातर देतात का?"

"बाईला नाही देत." तो गळ्यात अडकवलेल्या हाताकडं बघत होता. "थोडे दिवस ते करू नकोस."

"काय?"

"पहाटे उठून लाकडाच्या खोपीत करतेस ते."

तिच्या हातातली चाऱ्याची मूठ विळ्यावर तशीच राहिली.

लेक झाली त्या सालापासून तिच्या हनुवटीवर राठ केस यायला लागले होते. आधी चार-दोन होते, ते ती चिमटीनं उपटायची. मग ओठावर आले, मग कानाखालून खाली उतरले. उपटून भागेना, तेव्हा तिनं वस्तरा घेतला. सगळी झोपेत असताना उठायचं, खोपीत जायचं, आरशाचा तुकडा लाकडांच्या फटीत अडकवायचा आणि पाण्यात बुडवलेल्या बोटानं तोंड ओलं करून काम उरकायचं. नंतर तोंडाला राख चोळायची, म्हणजे हिरवटपणा झाकला जातो. इतक्या वर्षांत घरात त्याचा एक शब्द निघाला नव्हता. तिला वाटायचं, घरात कुणाला ठाऊकच नाही. नवरा कधी जवळ आला तर त्याचा हात तिच्या गालापर्यंत येऊन थांबायचा, खाली उतरायचा नाही. ती त्याची सवय असेल असं ती समजून चालली होती.

"तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"असेल. बऱ्याच दिवसांपासून."

"आणि बोलला नाहीत."

"काय बोलायचं त्यात," तो म्हणाला. मग बांधलेला हात सावरत म्हणाला, "माझा चुलतभाऊ आहे म्हणून सांगू. लांबच्या गावाहून आलाय. बोलायला कमी आहे."

ती चारा कापत राहिली. जनावरं खातील त्याच्या दुप्पट चारा तिनं त्या दिवशी कापून ठेवला.

केस वाढेपर्यंतचे दिवस तिनं दारं लावून काढले. पाणी आणायला लेक जायची. पाणवठ्यावर बायकांनी विचारलं, आई का दिसत नाही, तर लेकीनं सांगितलं, दाढ दुखतेय. घरी येऊन तिनं ते जेवताना सांगितलं मात्र, तिघांचेही हात ताटात थांबले. 'दाढ' या शब्दापुढची न बोललेली वेलांटी तिघांनाही ऐकू आली होती. नवऱ्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग तो खाली मान घालून जेवायला लागला.

दुपारी तो तिला शिकवायचा. त्याची विजार, त्याचा सदरा, छातीला घट्ट आवळलेलं जुनं धोतर, केसांचा अंबाडा दाबून वर बांधलेलं मुंडासं. लेक दारात पहाऱ्याला बसायची.

"बसताना गुडघे जवळ घेऊ नकोस. ऐसपैस बस."

ती पाय पसरून बसली.

"हात सारखा डोक्याकडं जातोय तुझा. ओढणी नाहीये आता तिथं."

तिनं हात मांडीखाली धरला.

"आणि कुणी हाक मारली की लगेच उठू नकोस. आधी मान वर करायची, मग कोण आहे बघायचं, मग उठायचं."

हे तिला सगळ्यांत अवघड गेलं. तो हाक मारायचा आणि पुरती हाक व्हायच्या आत ती उभी असायची.

"एवढंच असतं होय पुरुष असणं?" तिनं एकदा वैतागून विचारलं.

नवऱ्यानं खरंच विचार केला. "मला कुणी शिकवलं नाही," तो म्हणाला. "मला काय ठाऊक."

उजाडता उजाडता मायलेकी निघाल्या. लेकीला झाडायच्या कामाला घेणार होते, आणि सोबत 'काका' होता. गावाची हद्द सुटेपर्यंत ती खाली बघून चालत होती. समोरून एक गाडीवाला आला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मान हलवली आणि पुढं गेला. कुणी तिच्या तोंडाकडं बघून नजर फिरवली नाही असं पहिल्यांदाच झालं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. लेक शेजारून चालत होती. बाजाराला जाताना पोरगी नेहमी एकतर चार हात पुढं नाहीतर मागं रेंगाळत यायची. विचारलं तर म्हणायची, चप्पल चावते. आज तीच चप्पल होती आणि तोंडाची टकळी चालू होती. मैत्रिणीचं सांगत होती, शेळी व्यायली त्याचं सांगत होती. मधेच म्हणाली, "काका, पाणी पिणार?" आणि स्वतःच हसली. तिलाही हसू आलं. हसता हसता तिनं पोरीच्या चपलेकडं पाहिलं.

मुकादम दगडी कुंपणाच्या दारातच उभा होता. कोरडा माणूस, हातात सदा धार लावायचा दगड. नवऱ्याचा निरोप त्याला पोचला होता. त्यानं तिला वरून खाली पाहिलं.

"चुलतभाऊ का?" तो म्हणाला. "तरीच. तोंडावळा घराण्याचाच आहे. हनुवटी तर सही सही."

लेकीनं चटकन पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते.

त्यानं एक मेंढी तिच्याकडं ढकलली. तिनं मेंढी खाली घेतली, पाय बांधले, गुडघ्यानं मान अलगद दाबली आणि पोटाकडून कातर घातली. कळकट लोकर वरून काळी, पण आतून पात्याबरोबर पांढरी उघडत गेली. तेलकट, उबदार वास नाकात शिरला. मेंढी आधी धडपडली, मग सैल पडली. मानेपासून शेपटीपर्यंतची लोकर एकसंध, घोंगडीसारखी उलगडून आली. मेंढी उठून उभी राहिली तेव्हा तिच्या अंगावर रक्ताचा एक ठिपका नव्हता. मुकादमानं दुसरी ढकलली. म्हणजे झालं.

कंबर मोडून यायची. बोटं कातरीच्या दांड्यात सुजायची. लोकरीच्या तेलानं हात कोपरापर्यंत चिकट व्हायचे. पण तिला त्या दिवसांत जी सुखं लागली, ती सांगायची सोय नव्हती. पाणी आलं की आधी कातरणाऱ्यांना मिळायचं. बायका लोकर गोळा करत पुढून जायच्या तेव्हा पाय आखडून घ्यायला लागत नव्हते, त्याच वळसा घालून जायच्या. दमलं की कुणाला न विचारता आडवं पडता यायचं. वाऱ्यावर तोंड उघडं टाकून ती पडायची आणि तिला वाटायचं, हे सगळं आपलं आहे. मग शेजारून एखादी बाई झाडत जाई. तिची ओढणी घामानं डोक्याला चिकटलेली असे. ती बाई आपणच आहोत हे तिला आठवे, आणि क्षणापूर्वी आपण तिला वळसा घालायला लावला हेही.

टोळीत एकाला सगळे पोपट म्हणायचे. कातर चालो न चालो, त्याची जीभ चालायची. मनाचा वाईट नव्हता. दुपारी सगळे सावलीला भाकरी खात बसले असताना त्यानं तिच्याकडं मोर्चा वळवला.

"काय हो पाहुणे, तुमच्या वहिनीला म्हणे मिशा आहेत?"

ती घास चावत होती. चावायची थांबली नाही.

"माझी बहीण दिलीय तुमच्या भावाच्या गावाशेजारी," पोपट सगळ्यांना सांगू लागला. "ती म्हणते, लांबून बघितलं तर कळत नाही नवरा कुठला अन् बायको कुठली. खरं का हो?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. नाही म्हणाली असती तर तिथंच मिटलं असतं. लोक काय काहीही बोलतात, एवढं म्हणून भागलं असतं.

"खरं आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "भाऊ म्हणतो, घरात वस्तरे दोन लागतात. साबण मात्र एकच पुरतो."

हशा पिकला. पोपट लोकरीच्या ढिगावर आडवा झाला. कुणीतरी म्हणालं, "मग भांडण झालं की कोण कुणाची मिशी उतरवतो?" आणि ती हसली. तोंड वर करून, मांडीवर थाप मारून, इतरांपेक्षा मोठ्यानं हसली. ती थाप नवऱ्यानं शिकवलेली नव्हती, तिची तिनंच मारली होती.

हसू ओसरलं तेव्हा तिला लेक दिसली. कवेत लोकर घेऊन उभी होती. लोकरीच्या वर फक्त डोळे दिसत होते. मग ती वळली आणि ढिगाकडं गेली. उरलेली भाकरी तिनं कुत्र्याला टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पाणी घेऊन आली तेव्हा तोंड बाजूला वळवून उभी राहिली.

"वर बघ."

"काही नाही काका."

"वर बघ म्हणते—म्हणतो."

लेकीच्या वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली, बारीकशी चीर होती. रक्त वाळून काळं झालं होतं.

"काय लागलं?"

"काटा लागला. लोकरीतला."

गाठोड्यात, घरी परतताना लागेल म्हणून, तिनं वस्तरा आणला होता. लेक गेल्यावर तिनं गाठोडं उघडून पाहिलं. वस्तरा फडक्यातच होता, पण फडकं दुसऱ्याच कुणीतरी गुंडाळलेलं होतं. पोरीच्या ओठावरची ती काळसर लव तिला दिसली नव्हती असं नाही. गेल्या वर्षभरात कितीदा दिसली होती. ऊन लागलं असेल, काजळी असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. आता पोरीला जवळ घेऊन काहीतरी बोलायला हवं होतं. पण पुतणीशी काका असलं बोलत नाही. आणि आई होती तेव्हा तरी ती कुठं बोलली होती.

काम संपत आलं होतं. थोरले मेंढे शेवटी घेतात. अंगावर येतात म्हणून ते आधी कुणालाच नको असतात, आणि शेवटी हात दमलेले असतात. तिच्या वाट्याला आलेला मेंढा अर्धा कातरून झाला होता. पायाची दोरी ढिली झाली कशी, तिलाही कळलं नाही. तो एकदम उसळला, वळला आणि त्यानं तिच्या छातीत धडक दिली. ती मागं दगडावर आपटली.

"आई," लेक ओरडली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. दुखलं-खुपलं की कुणीही आईच म्हणतं. पण पोरगी हातातली लोकर टाकून धावली, तिनं ते डोकं मांडीवर घेतलं आणि आई, आई करत गाल थोपटायला लागली. मुंडासं केव्हाच सुटून पडलं होतं. अंबाडा उलगडून केस धुळीत पसरले होते.

कातरींचे आवाज एकेक करून थांबले.

मुकादम जवळ आला. केसांकडं, मग छातीवर आवळलेल्या धोतराच्या काठाकडं त्यानं पाहिलं. "हिला पाणी द्या," तो म्हणाला.

'हिला' म्हणाला. त्या एका शब्दानं सगळं सांगून झालं.

ती उठून बसली. श्वास घेताना बरगडी चमकत होती. मुकादम दुसरीकडं बघत म्हणाला, "कातर ठेव. मालकाच्या कानावर गेलं तर टोळीच बदलेल. राहिलेलं काम झाडूचं कर."

"मेंढा अर्धा राहिलाय," ती म्हणाली.

मुकादमानं पाठ फिरवली. त्याला नाही म्हणवेना आणि हो तर म्हणायचंच नव्हतं. टोळीतल्या दोघांनी मेंढा धरून आणला, पाडला, बांधला आणि तिच्यापासून लांब सरकले. ती एकटी गुडघ्यावर बसली. मोकळे केस तोंडावर येत होते, ते ती मनगटानं मागं सारत होती. एकाही माणसाची कातर चालत नव्हती. तिच्या कातरीचा कचकच आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटायला लागला. शेपटीशी पोचल्यावर तिनं पाय सोडले, कातर पुसली आणि मुकादमाच्या पायाशी ठेवली.

झाडणाऱ्या एका बाईनं आपले जादा कपडे दिले. काही न बोलता, हात लांब करून दिले. ढिगाआड जाऊन तिनं ते घातले, ओढणी डोक्यावर घेतली आणि बाहेर आली. गालावर, हनुवटीवर दाढी तशीच होती. पुरुषाच्या कपड्यांत ती कुणालाच बाई दिसली नव्हती. आता बाईच्या कपड्यांत ती कुणीच दिसत नव्हती. बघणाऱ्यांना नजर कुठं ठेवावी कळेना. तिनं झाडू घेतला आणि खाली बघून झाडायला लागली. ओढणीचं टोक तिनं दातात धरलं होतं, तरी ओढणी सारखी खाली यायची.

संध्याकाळच्या आत पोपट तिच्या जवळून दोनदा गेला. तिसऱ्यांदा थांबला.

"परवा मी जे बोललो..." तो म्हणाला. पाहुणे म्हणावं की वहिनी, ते त्याला ठरवता येईना. "तुम्ही हसलात, म्हणून मला वाटलं..."

"मी तुमच्याहून जास्त बोलले," ती म्हणाली. "पाय उचला. झाडायचंय."

त्यानं पाय उचलला. तिला वळसा घालून गेला. काम संपेपर्यंत पोपट गप्प होता, आणि ते गप्प राहणं त्याच्या बडबडीपेक्षा जड झालं. एकदाच कुणी विसरून काही विनोद केला, आणि हसायच्या आधी सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

शेवटची मेंढी सुटली तेव्हा मुकादमानं तिला दाराशी बोलावलं. ती हाकेसरशी उठली.

"नवऱ्याला सांग, त्याची जागा आहे. पुढच्या हंगामाला यायचं."

"हात जुळला तर येतील."

मुकादम दगडावर अंगठा घासत राहिला. "आणि नाहीच जुळला," तो म्हणाला, "तर त्या चुलतभावाला पाठव."

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला हात साफ असलेला माणूस हवा होता, आणि तो माणूस त्यानं पाहिलेला होता.

"सांगते," ती म्हणाली.

परत येताना लेक मागं होती. चार हात, कधी सहा हात. तिनं थांबून पाहिलं की लेकही थांबायची. ओढ्याशी आल्यावर ती तोंड धुवायला काठावर बसली. मग लेकही आली आणि जरा अंतरानं पाण्यात पाय सोडून बसली.

"माझ्यामुळं कळलं सगळ्यांना," लेक म्हणाली.

"जागा राहिली ना. त्यासाठीच गेलो होतो."

पाणी थोडंच होतं, दगडांमधून वाट काढत होतं. ती म्हणाली, "उलटा फिरवलास. केस पडतो त्या अंगानं फिरवायचा. आधी कोमट पाणी लावायचं."

लेकीनं ओठावर हात धरला. मग काढला. "मला पण येणार? तुझ्यासारखी?"

"येईल असं वाटतंय. माझ्या आईला होती."

"ती काय करायची?"

"दार लावून घ्यायची."

लेकीनं पायानं पाण्यातला एक दगड उलटवला. मग मान वर न करता म्हणाली, "तू काका होतीस तेव्हा बरं होतं."

"कुणाला?"

"मला. तुझ्याबरोबर चालता यायचं."

तिनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. ते दाढीतून निथळत मांडीवर पडलं. ओढणीनं पुसलं तर ओढणीला ते राठ केस अडकले.

"मलाही," ती म्हणाली.

दोघी उठल्या. चढ संपल्यावर गाव दिसलं, पाणवठ्यावर बायका होत्या. लेक चप्पल नीट करायला खाली वाकली. ती मात्र थांबली नाही. ओढणी खांद्यावर होती ती तिनं वर घेतली नाही, तशीच चालत राहिली. थोड्या वेळानं मागं पावलं वाजायला लागली. ती जवळ आली नाहीत, आणि लांबही गेली नाहीत.